मायक्रोवेव्ह ओव्हनमधील ठिणग्या

मायक्रोवेव्ह ओव्हनमधील ठिणग्या म्हणजे घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना त्याच्या कप्प्यात किंवा अंतर्गत भागांत हवेतून होणारे, डोळ्यांना दिसणारे विद्युत् विसर्जन होय. क्षणभर चमकून विझणाऱ्या विसर्जनास ठिणगी म्हणतात. टिकून राहणाऱ्या, तडतड किंवा गुरगुर आवाज करणाऱ्या तेजस्वी विसर्जनास विद्युत् प्रज्योत अशी संज्ञा आहे. दुरुस्ती करणारे कारागीर दोन्हींना सरसकट ‘स्पार्किंग’ म्हणतात. प्रज्योत पुरेसा वेळ टिकली, तर कप्प्याचा रंग जळतो, पत्र्याला भोक पडते आणि क्वचित आतील अन्न पेट घेते.

बहुतेक ठिणग्यांचे कारण कप्प्याच्या आतच असते. ते नुसत्या डोळ्यांनी सापडते आणि स्वच्छतेने किंवा एखादा स्वस्त सुटा भाग बदलून दूर होते. थोड्या प्रकरणांत मात्र दोष बाहेरच्या पत्र्याखालील उच्च दाबाच्या विभागात असतो. तेथे हात घालणे प्राणघातक ठरू शकते, आणि प्लग काढल्यानंतरही तो धोका काही काळ कायम राहतो. त्यामुळे ठिणगी नेमकी कोठून निघाली हे ठरवणे हा या दोषाच्या तपासणीतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय.

ओव्हनची रचना

मायक्रोवेव्ह ओव्हनमधील तरंग मॅग्नेट्रॉन या निर्वात नलिकेत निर्माण होतात. त्यांची कंप्रता सुमारे २,४५० मेगाहर्ट्झ आणि हवेतील तरंगलांबी सुमारे १२.२ सेंमी. असते. मॅग्नेट्रॉनच्या टोकावरील लहानशा अँटेनामधून तरंग एका आयताकृती धातूच्या बोगद्यात शिरतात. या बोगद्यास तरंग मार्गदर्शक म्हणतात. त्याचे तोंड कप्प्याच्या भिंतीत, बहुधा उजव्या बाजूस किंवा छतास, उघडते आणि ते अभ्रकाच्या पातळ पत्र्याने झाकलेले असते. कप्प्याच्या धातूच्या भिंतींवरून तरंग पुन्हापुन्हा परावर्तित होतात व अन्नातील पाणी, मीठ आणि स्निग्ध पदार्थ त्यांचे शोषण करून तापतात. परावर्तनामुळे कप्प्यात काही ठिकाणी विद्युत् क्षेत्र तीव्र, तर काही ठिकाणी क्षीण असते. फिरणारी काचेची थाळी अन्नाला या सर्व ठिकाणांतून नेते.

मॅग्नेट्रॉनला लागणारा उच्च दाब पारंपरिक बांधणीच्या ओव्हनमध्ये एका जड रोहित्रापासून मिळतो. २३० व्होल्टचा घरगुती दाब रोहित्र सुमारे २,००० व्होल्टपर्यंत वाढवते. त्यापुढे सुमारे १ मायक्रोफॅरड धारकतेचे धारित्र आणि डायोड मिळून हा दाब आणखी वाढवतात व मॅग्नेट्रॉनच्या ऋणाग्राला जमिनीच्या तुलनेत सुमारे उणे ४,००० व्होल्टचा शिखर दाब मिळतो. रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याचे एक टोक ओव्हनच्या सांगाड्यालाच जोडलेले असते. ‘इन्व्हर्टर’ नावाने विकल्या जाणाऱ्या ओव्हनमध्ये जड रोहित्राऐवजी इलेक्ट्रॉनीय मंडल असते; दाब मात्र त्याच पातळीचा असतो.

मॅग्नेट्रॉन हे मूळचे रडारसाठी विकसित झालेले साधन आहे. बहुकोटरी मॅग्नेट्रॉन १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी बनवला. अन्न शिजवण्यासाठी त्याचा उपयोग करण्याच्या एकस्वाचा अर्ज अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये केला. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन १९६७ मध्ये अमाना कंपनीने बाजारात आणला.

ठिणगी का पडते

कोरड्या हवेत ठिणगी पडण्यासाठी दर मिलिमीटर अंतरास सुमारे ३,००० व्होल्ट इतके तीव्र विद्युत् क्षेत्र लागते. ओव्हनच्या कप्प्यातील सरासरी क्षेत्र याच्या कितीतरी पट कमी असते. म्हणूनच स्वच्छ कप्प्यात पाण्याचा पेला तापवताना ठिणगी पडत नाही. पण विद्युत् क्षेत्र सर्वत्र सारखे नसते. धातूच्या टोकाशी, धारेशी किंवा दोन संवाहक वस्तूंमधील अरुंद फटीत ते एकवटते आणि तेथे ही मर्यादा ओलांडली जाते. काट्याच्या चमच्याच्या दोन टोकांमध्ये किंवा चुरगळलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाच्या सुरकुत्यांत ठिणगी दिसते, आणि गुळगुळीत, जाड, गोल कडांचा चमचा पाण्याच्या पेल्यात बुडालेला असताना बहुधा काही होत नाही, याचे कारण हेच. त्यावरून ‘चमचा चालतो’ असा नियम काढणे मात्र चुकीचे आहे. तोच चमचा सरकून भिंतीला जवळजवळ टेकला, तर त्या फटीत ठिणगी पडते.

दुसरे कारण कार्बनीकरणाचे आहे. भिंतीवर उडालेला तेलाचा किंवा रश्शाचा शिंतोडा पुन्हापुन्हा तापून काळा पडतो. मूळ अन्न विजेचे दुर्बळ संवाहक असते, पण त्याचा कोळसा झाल्यावर तो बऱ्यापैकी संवाहक बनतो. संवाहक झाल्यामुळे त्या ठिपक्यात विद्युत् प्रवाह वाहतो, तो आणखी तापतो आणि शेजारचा थरही जाळतो. अशा रीतीने दोष स्वतःच स्वतःला वाढवतो. आज नखाएवढा असलेला काळा डाग पुढे पत्र्याला भोक पाडतो, तो या मार्गाने.

एकदा विसर्जन सुरू झाले की तेथील हवा आयनीभूत होते. आयनीभूत वायू स्वतः तरंगांचे शोषण करतो, त्यामुळे प्रज्योत अन्नाच्या वाट्याची ऊर्जा खाऊन टिकून राहते. ती कधी कधी मूळ जागा सोडून तरंगांच्या उगमाकडे, म्हणजे तरंग मार्गदर्शकाच्या तोंडाकडे सरकते. ओव्हन बंद करताच ती विझते. म्हणून ठिणगी दिसल्यावर पहिली कृती एकच: ओव्हन बंद करणे. आत ज्वाला दिसत असल्यास दार न उघडता प्लग काढावा. दार बंद राहिल्याने ज्वालेला हवा कमी मिळते व ती बहुधा आपोआप विझते.

कप्प्यातील कारणे

भांडी. भारतीय स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील, पितळ आणि ॲल्युमिनियम यांची भांडी सर्वत्र असल्याने भांड्यांमुळे पडणाऱ्या ठिणग्या येथे विशेष आढळतात. धातूच्या डब्यातील अन्नापर्यंत तरंग बाजूंनी पोहोचतच नाहीत. ते परावर्तित होतात. म्हणजे अन्न नीट तापत नाही आणि डब्याची कडा भिंतीजवळ असेल तर ठिणगी मात्र पडते. उघड्या धातूपेक्षा लपलेला धातू अधिक फसवा असतो. चिनी मातीच्या बशीवरील सोनेरी किंवा रुपेरी कडा, काही पेल्यांवरील धातूमिश्रित नक्षी, हॉटेलातून आलेल्या पुड्याची तार किंवा पिन, आतून चकाकणारे वेष्टन आणि प्लॅस्टिकसारखे दिसणारे पण आत स्टीलचा पेला असलेले दुहेरी भिंतीचे मग ही त्याची उदाहरणे होत.

मिठाईवरील चांदीचा वर्ख हे खास आपल्याकडचे कारण आहे. वर्खाची जाडी एका मायक्रोमीटरहूनही कमी असते. या कंप्रतेचा प्रवाह चांदीत सुमारे १.३ मायक्रोमीटर खोलीपर्यंत शिरतो. म्हणजे वर्खात प्रवाहाला पुरेशी जाडीच मिळत नाही. वर्ख क्षणार्धात तापतो, फाटतो आणि फाटलेल्या तुकड्यांच्या फटींत ठिणग्या पडतात. काजूकतली किंवा बर्फी मऊ करण्यासाठी ओव्हनमध्ये ठेवण्यापूर्वी वर्ख काढून टाकणे हाच उपाय आहे.

जाळी. ग्रिल आणि कन्व्हेक्शनची सोय असलेल्या ओव्हनसोबत उंच पायांची धातूची जाळी मिळते. ती त्या दोन प्रकारांसाठी असते. नुसत्या मायक्रोवेव्ह प्रकारात ती आत राहिली तर तिच्या पायांशी ठिणग्या पडतात. मिश्र प्रकारात ती चालते की नाही हे प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेतच पाहावे लागते. पुस्तिका बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी माळ्यावर जाते, ही गोष्ट वेगळी.

अन्न. धातूचा लवलेश नसतानाही अन्नातून ठिणग्या पडू शकतात. गाजर, हिरवी मिरची, श्रावणघेवडा, पालक यांच्या तुकड्यांमध्ये खनिज क्षार विरघळलेले पाणी असते व कापलेल्या कडा धारदार असतात. असे तुकडे कोरडे आणि सुटेसुटे ठेवल्यास त्यांच्या कडांशी ठिणग्या दिसतात. ते थोड्या पाण्यात ठेवल्यास बहुधा दिसत नाहीत. यात ओव्हनचा कोणताही दोष नसतो.

मराठी घरांत ओव्हनचा मोठा उपयोग पापड भाजण्यासाठी, कुटासाठी शेंगदाणे भाजण्यासाठी आणि कढीपत्ता किंवा मेथी वाळवण्यासाठी होतो. पापड आणि शेंगदाण्यांत पाणी फार कमी असते. एकच पापड ठेवला की ओव्हन जवळजवळ रिकामा चालल्यासारखा होतो. शोषण करणारे काही नसल्याने कप्प्यातील क्षेत्र वाढते, परावर्तित ऊर्जा मॅग्नेट्रॉनकडे परतते आणि जुना डाग किंवा कमकुवत अभ्रक असेल तर नेमकी तेव्हाच ठिणगी पडते. पाने पूर्ण वाळल्यावर त्यांच्या कडा करपतात व ती पेट घेऊ शकतात. वेळ अर्ध्या-एका मिनिटाच्या टप्प्यांत लावणे, पदार्थ मध्ये हलवणे आणि कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवणे यांनी हा धोका पुष्कळ कमी होतो. ओव्हन पूर्ण रिकामा कधीही चालवू नये.

अभ्रकाचा पत्रा. दुरुस्तीसाठी येणाऱ्या ठिणग्यांच्या तक्रारींत हे नेहमीचे कारण आहे. अभ्रक तरंगांना पारदर्शक, उष्णतारोधक आणि उत्तम विद्युत् निरोधक असते. त्याचे काम तरंग मार्गदर्शकात वाफ आणि तेल जाऊ न देणे हे असते. फोडणी घातलेली भाजी किंवा आमटी झाकण न ठेवता तापवली की तेलाचे शिंतोडे पत्र्यावर बसतात. तेथूनच तरंग आत येत असल्याने क्षेत्र तीव्र असते, शिंतोडा लवकर करपतो आणि वर सांगितलेली कार्बनीकरणाची क्रिया सुरू होते. पत्र्यावर तपकिरी-काळा डाग, पापुद्रे किंवा भोक दिसल्यास तो बदलावा लागतो. घासून स्वच्छ केलेला करपलेला पत्रा फार दिवस टिकत नाही, कारण कोळसा पापुद्र्यांच्या आत शिरलेला असतो.

रंग आणि गंज. कप्प्याच्या आतील रंग केवळ शोभेसाठी नसतो. तो पत्र्याला गंजापासून वाचवतो. रंगाचा पोपडा निघाल्यावर उघड्या पत्र्याच्या खडबडीत कडा आणि गंज हे ठिणगीचे केंद्र बनतात. थाळीखालील खोलगट भागात साचलेले पाणी आणि जाळीच्या आधाराचे स्क्रू या जागा विशेष पाहाव्यात.

द्राक्षांची प्रज्योत

द्राक्ष अर्धे कापून दोन्ही अर्धे सालीच्या पातळ पट्टीने जोडलेले ठेवले आणि ओव्हन चालू केला, तर त्या सांध्यातून तेजस्वी ज्वाला उठते. हा प्रयोग अनेक वर्षे गमतीने केला जात होता आणि सालीची पट्टी अँटेनासारखे काम करते असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई. २०१९ मध्ये कॅनडातील हमझा खट्टक, पाब्लो बियांकुची आणि ॲरन स्लेपकोव्ह यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले की साल आवश्यकच नाही. पाण्यात या तरंगांची लांबी आखडून सुमारे १.४ सेंमी. होते, म्हणजे साधारण द्राक्षाच्या आकाराची. त्यामुळे प्रत्येक द्राक्षात तरंगांचे अनुस्पंदन होते आणि दोन अखंड द्राक्षे एकमेकांना टेकवली तरी स्पर्शबिंदूशी क्षेत्र अतितीव्र होऊन सोडियम आणि पोटॅशियमच्या आयनांचा प्लाझ्मा पेटतो. पाण्याने भरलेल्या जेलच्या गोळ्यांतही हाच परिणाम दिसला. नाशिकच्या द्राक्षांनाही हा नियम लागू आहे. घरी करून पाहण्याजोगा हा प्रयोग मात्र नाही. प्रज्योतीने थाळी तडकते व मॅग्नेट्रॉनला इजा होते.

उच्च दाबाच्या विभागातील कारणे

कप्पा स्वच्छ, रिकाम्या भांड्यांचा दोष नाही, आत पाणी ठेवलेले आहे, आणि तरीही तडतड आवाज येतो किंवा प्रकाश पत्र्याच्या फटींतून, पाठीमागच्या छिद्रांतून दिसतो, तर दोष बाहेरच्या आवरणाखाली आहे असे समजावे. मॅग्नेट्रॉनच्या अँटेनावरील धातूची टोपी वितळणे, मॅग्नेट्रॉन आणि तरंग मार्गदर्शक यांच्या सांध्यातील तारेच्या जाळीचे वर्तुळ निसटणे किंवा करपणे, रोहित्राच्या वेटोळ्याचा निरोधक थर जळणे आणि उच्च दाबाच्या तारेची जोडणी सैल होणे ही यांतील नेहमीची कारणे होत. डायोड किंवा धारित्र निकामी झाल्यास बहुधा ठिणगी दिसत नाही. ओव्हन मोठ्याने घुमतो, अन्न तापत नाही किंवा वितळतार उडते.

झुरळे हेही एक कारण आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. उबदार आवरणाखाली ती वस्ती करतात. नियंत्रण फलकावर त्यांची विष्ठा साचून गळती मार्ग तयार होतो आणि उच्च दाबाच्या टोकांजवळ गेलेले झुरळ किंवा पाल प्रज्योतीला वाट करून देते.

या विभागातील सर्वांत मोठा धोका धारित्राचा आहे. ओव्हन चालू असताना ते सुमारे २,८०० व्होल्टपर्यंत भारित होते. बहुतेक धारित्रांच्या आत सुमारे १० मेगओहमचा रोधक असतो व तो मिनिटभरात भार उतरवतो. पण हा रोधक निकामी झाल्याचे बाहेरून कळत नाही, आणि तसे झाल्यास प्लग काढून ठेवलेल्या ओव्हनमध्येही भार टिकून राहतो. ओव्हन चालू असताना उच्च दाबाच्या भागाला स्पर्श झाल्यास परिणाम अधिकच भीषण असतो, कारण रोहित्र घातक प्रवाह अखंड पुरवू शकते. घरातील गळतीरोधक स्विच येथे वाचवीत नाही. रोहित्राचे दुय्यम वेटोळे घरगुती पुरवठ्यापासून वेगळे असल्याने शरीरातून गेलेला प्रवाह सांगाड्यामार्गे त्याच वेटोळ्याकडे परततो, आणि प्राथमिक बाजूस बसवलेल्या स्विचला फेज व न्यूट्रलमध्ये कोणतीच तफावत दिसत नाही. म्हणून बाहेरचे आवरण उघडण्याचे काम केवळ प्रशिक्षित तंत्रज्ञाने करावे. ‘मी टीव्ही उघडलेला आहे’ हा अनुभव येथे पुरेसा नाही.

काही मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिक निरोधकात बेरिलियम ऑक्साइड असू शकते. त्याची भुकटी श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना गंभीर अपाय होतो. जुना मॅग्नेट्रॉन चुंबकांसाठी फोडताना ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

वीजपुरवठा आणि अर्थिंग

ठिणगी ओव्हनमध्ये नसून बटनपट्टीत असण्याची शक्यताही तपासावी लागते. ८०० ते ९०० वॉट तरंगशक्ती देणारा ओव्हन पुरवठ्यातून साधारण १,२०० ते १,४०० वॉट घेतो. कन्व्हेक्शन प्रकारात ही मागणी २,००० वॉटच्या पुढे जाते. तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डला जोडला की सैल पकडीत ठिणग्या पडतात, प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो आणि दोष ओव्हनच्या माथी मारला जातो. १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हा त्यावरील उपाय आहे.

विद्युत् दाबातील चढउतारांचा परिणाम अप्रत्यक्ष असतो. भारतीय विद्युत् नियम, १९५६ अन्वये घरगुती दाबात ६ टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरला होता, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यास सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट. ग्रामीण भागात वाहिनीच्या शेवटच्या टोकास दाब याहून बराच खाली जाण्याचा अनुभव येतो. दाब फार कमी झाल्यास मॅग्नेट्रॉनचा तंतू पुरेसा तापत नाही, नलिकेचे कंपन अस्थिर होते आणि तिच्या आतच विसर्जन होऊन आयुष्य घटते. याउलट रोहित्रापाशी न्यूट्रल तुटल्यास एखाद्या घरात दाब ४०० व्होल्टच्या जवळ पोहोचू शकतो. अशा वेळी धारित्र आणि नियंत्रण फलक प्रथम बळी पडतात. दाब स्थिर करणारे साधन बसवायचे असल्यास त्याची क्षमता कन्व्हेक्शनच्या मागणीनुसार निवडावी. दूरचित्रवाणी संचासाठीचे छोटे साधन निरुपयोगी ठरते.

अर्थिंगचा प्रश्न याहून गंभीर आहे. रोहित्राच्या उच्च दाबाच्या वेटोळ्याचे टोक सांगाड्यालाच जोडलेले असल्याने आतील प्रज्योत सांगाड्यावर उडते, आणि सांगाडा जमिनीशी नीट जोडलेला नसेल तर दोषाच्या वेळी त्यावर धोकादायक दाब येऊ शकतो. तीन पिनांपैकी वरची जाड पिन याचसाठी असते. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत हे काम विशेष दक्षतेने करावे लागते. परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी व आसपासच्या परभणी तालुक्यातील गावांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, काळी माती वाळून आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या सळीशी किंवा तबकडीशी असलेला तिचा संपर्क सुटतो. ओल्या मातीत चांगले चालणारे अर्थिंग त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते. खड्ड्यात मीठ व कोळसा भरणे आणि उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी ओतणे ही जुनी पद्धत याच कारणाने आहे. ओव्हनच्या दाराला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर तो प्रथम अर्थिंगचा दोष समजावा आणि ते दुरुस्त होईपर्यंत ओव्हन वापरू नये.

तपासणी आणि दुरुस्ती

घरी करण्याजोगी तपासणी कप्प्यापुरती मर्यादित असते आणि तिच्यासाठी एकही उपकरण लागत नाही. प्लग काढून ओव्हन थंड होऊ द्यावा. थाळी, तिच्याखालील चाकांचे कडे आणि जाळी बाहेर काढावीत. विजेरीच्या प्रकाशात चारही भिंती, छत, थाळीखालील भाग आणि दाराची आतली बाजू पाहावी. ग्रिलची नळी छताला असल्यास तिच्या मागील जागा सहसा पाहायची राहून जाते; तेल तेथेच साचते. काळा ठिपका, फुगलेला रंग, करपलेला अभ्रक किंवा अडकलेला फॉइलचा तुकडा यांपैकी काहीतरी बहुधा सापडते.

वाळलेले डाग काढण्यासाठी काचेच्या वाडग्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून ते उकळेपर्यंत तापवावे व दार पाच मिनिटे बंद ठेवावे. वाफेने डाग मऊ होतात. यासाठी कप्प्यात सध्या ठिणगी पडत नाही याची खात्री असली पाहिजे. अन्यथा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यानेच पुसावे. नुसते स्वच्छ पाणी गुळगुळीत पेल्यात जास्त तापवल्यास ते उकळबिंदूच्या वर जाऊनही शांत दिसू शकते व हलवताच उसळते. लिंबाची फोड किंवा लाकडी चमचा पाण्यात असल्यास हे टळते. तारेचा घासा वापरू नये: तो रंग खरवडतो आणि त्याचे तुटलेले तंतू नव्या ठिणग्यांना कारण होतात.

अभ्रकाचा पत्रा खटक्याने किंवा एका-दोन स्क्रूंनी बसवलेला असतो आणि अनेक ओव्हनमध्ये तो कप्प्याच्या आतूनच, आवरण न उघडता निघतो. जुना पत्रा नव्यावर ठेवून आकार आखावा व कात्रीने कापावा. अभ्रकाचे पापुद्रे सुटू नयेत म्हणून कडा सावकाश कापाव्या लागतात. नवा पत्रा बसवण्यापूर्वी त्यामागील तोंडाच्या कडा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. मात्र फडके आत खोलवर घालू नये, कारण पलीकडे मॅग्नेट्रॉनची अँटेना असते. नव्या पत्र्याची किंमत ओव्हनच्या किमतीच्या मानाने नगण्य असते. त्याऐवजी पुठ्ठा, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा कोणताही पांढरा पत्रा लावणे धोक्याचे आहे, आणि पत्रा नसताना ओव्हन वापरल्यास तेलाची वाफ थेट अँटेनापर्यंत पोहोचते.

रंग गेलेला भाग लहान असेल तर गंज बारीक पॉलिश कागदाने काढून, पुसून, मायक्रोवेव्ह कप्प्यासाठीच बनवलेला रंग लावता येतो. तो पूर्ण वाळल्याशिवाय ओव्हन चालवू नये. साधा तैलरंग किंवा चांदी रंग चालत नाही. चांदी रंगात ॲल्युमिनियमची भुकटीच असते. पत्र्याला आरपार भोक पडले असेल तर मात्र रंगाने भागत नाही.

या उपायांनंतर एका पेल्यात साधारण पाव लिटर पाणी ठेवून ओव्हन एक मिनिट चालवावा व दारातून पाहावे. ठिणगी दिसली नाही आणि पाणी नेहमीसारखे तापले, तर दोष गेला असे समजावे. ठिणगी पुन्हा दिसली, विशेषतः नव्या अभ्रकाच्या मागून, तर अँटेनाची टोपी जळालेली असण्याची शक्यता मोठी असते. करपलेल्या अँटेनामुळे नवा पत्राही काही दिवसांतच जळतो. त्यामुळे कारागिराने दुसऱ्यांदा पत्राच बदलण्याचा सल्ला दिल्यास मॅग्नेट्रॉन तपासला का, असे विचारावे. मॅग्नेट्रॉन बदलण्याचा खर्च जुन्या ओव्हनच्या उरलेल्या किमतीशी ताडून पाहणे शहाणपणाचे असते.

दार आणि तरंगांची गळती

दाराच्या कडेशी पडणाऱ्या ठिणग्या वेगळ्या वर्गात मोडतात. दाराच्या चौकटीत सुमारे पाव तरंगलांबीची, म्हणजे सुमारे ३ सेंमी. मापाची पोकळी योजलेली असते आणि ती तरंगांना बाहेर पडू देत नाही. दारावर साचलेले अन्न, वाकलेली बिजागरी किंवा तडकलेली चौकट यांमुळे ही व्यवस्था बिघडते. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद करणारे खटके तिच्याशीच निगडित असतात. त्यांतील एक खटका, इतर बंद पडल्यास, मुद्दाम मंडल लघुपथित करून वितळतार उडवतो. अशी वितळतार वारंवार उडत असेल तर जाड तार घालून काम भागवणे म्हणजे शेवटचे संरक्षणच काढून टाकणे होय. दार वाकलेला किंवा पत्र्याला भोक पडलेला ओव्हन वापरू नये.

घरगुती ओव्हनच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३०२ मालिकेतील स्वतंत्र मानक आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंमी. अंतरावर गळतीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट आहे. कप्प्यात ठिणगी पडली म्हणून अन्न किरणोत्सर्गी होत नाही; या तरंगांत तेवढी ऊर्जाच नसते. करपलेला भाग, वितळलेला रंग किंवा धातूचे कण लागलेले अन्न मात्र टाकून द्यावे.

उच्च शक्तीच्या तरंगांत प्रज्योत हा केवळ स्वयंपाकघराचा प्रश्न नाही. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका गटातून पुढे १९८४ मध्ये ‘समीर’ ही सूक्ष्मतरंग संशोधन संस्था स्थापन झाली. तिने कर्करोगावरील किरणोपचारासाठी रेषीय त्वरक विकसित केले आहेत. अशा यंत्रांच्या तरंग मार्गदर्शकांत हवेऐवजी दाबाखाली सल्फर हेक्झाफ्लुओराइडसारखा निरोधक वायू भरतात, आणि प्रज्योतीचा प्रकाश दिसताच शक्ती बंद करणारे संवेदक बसवतात. घरगुती ओव्हनमध्ये असा संवेदक नसतो. ते काम समोर उभ्या असलेल्या माणसाला करावे लागते.

निकामी ओव्हन

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुनी विद्युत् उपकरणे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जावीत अशी त्यांत अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बरेच ओव्हन भंगारात जातात आणि तांब्यासाठी त्यांचे रोहित्र काढले जाते. असे रोहित्र वापरून लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी जळालेली नक्षी काढण्याचा छंद आंतरजालावरील चित्रफितींमुळे पसरला. त्यात परदेशांत अनेकांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला आणि अमेरिकेतील लाकूडकाम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घातली. ओव्हन भंगारात देण्यापूर्वी त्याची वीजतार मुळापासून कापून टाकावी, म्हणजे तो कोणी सहज चालू करू शकणार नाही.